मास्तरांचे चार इंच

"चार महिन्यांत चार इंच. लिहून ठेवा," मास्तरांनी भर दुकानात जाहीर केलं. कोणी लिहीत नाही असं पाहून त्यांनी मापांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि स्वतःच लिहिलं: पोटाचा घेर त्रेचाळीस. शेजारी त्या दिवसाची तारीख. त्याखाली लिहिलं एकोणचाळीस, आणि तिथली तारीख मोकळी सोडली. मास्तर आशावादी असले तरी टेलर होते. तारीख देण्यातला धोका त्यांना ठाऊक होता.

ही घोषणा ऐकायला दुकानात दोनच माणसं होती. एक मशीनवरचा कारागीर. गेली सतरा वर्षं तो मास्तरांचं बोलणं सुरू झालं की मशीनचा वेग वाढवायचा. दुसऱ्या म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण, ताई. त्या कापायच्या टेबलाशी उभ्या होत्या, आणि त्यांची कात्री एकदा कापडात शिरली की टोकाला पोचल्याशिवाय त्या मान वर करत नसत. टोकाला पोचल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "बरं."

आता हे चार इंच कुठून उपटले ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी ताईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या हॉस्पिटलात जाऊन चार-चार तास मशीनला जोडून घेत, आणि उरलेल्या दिवसांत उभ्या राहून कापड कापत. दिवसाला एक लिटर पाणी, तेही ग्लासाने मोजून. असं फार काळ चालणार नाही, कोणीतरी एक किडनी द्यायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. देणार कोण? आईवडील कधीच गेले होते, ताईंनी लग्न केलं नव्हतं, मास्तरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत दोघं राहत. या जगात त्यांचं म्हणावं असं जे काही होतं, ते एवढंच.

मास्तरांच्या तपासण्या झाल्या. रक्त जुळलं. बाकीचं जे काही जुळावं लागतं तेही जुळलं. जुळलं नाही ते फक्त मास्तरांचं पोट!

"ब्याण्णव किलो," डॉक्टर म्हणाले होते. "ऐंशीच्या आत या. घेर चार इंच उतरायला हवा. या पोटासकट तुम्हाला टेबलावर घेतलं तर माझ्याकडे एकाच्या जागी दोन पेशंट होतील. चार महिने देतो."

मास्तरांनी यातले किलो तिथेच सोडून दिले. किलो ही किराणावाल्याची भाषा. चाळीस वर्षं त्यांनी माणसं इंचांत पाहिली होती. रस्त्यात कोणी भेटलं की त्यांना आधी छाती दिसे, मग खांदा, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. वजनाचा काटा कुठे ठेवलाय यावर बदलतो, इंच कुठेही गेलं तरी इंचच, असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा चार इंच उतरवायचे, मग किलो झक मारत मागून येतील.

ताईंना काही झालं तर आपलं काय, हा विचार त्यांना दुकान उघडताना, माप घेताना, जेवताना, सारखा येत असे. तो आला की त्यांचा हात फराळाच्या डब्याकडे जाई. मग ते काहीतरी खात.

दुकानाच्या समोर, पहिल्या मजल्यावर एक व्यायामशाळा होती. तिचा मालक पंचविशीचा होता आणि खांदे एवढे फुगलेले की त्याला मान नव्हती. मास्तर त्याच्याकडे गेले. त्याने रोज पाऊण तास चालायला सांगितलं, गोड बंद करायला सांगितलं, आणि रबराचा एक पट्टा दाखवला. पाठीवर झोपायचं, पट्टा तळपायाला अडकवायचा, पाय वर न्यायचा आणि दोन्ही हातांनी पट्टा खेचायचा. पन्नास वेळा उजवा, पन्नास वेळा डावा.

चालण्याने फक्त भूक वाढते, असा निष्कर्ष मास्तरांनी तिसऱ्या दिवशी काढला आणि चालणं बंद केलं. खेचणं मात्र त्यांना मनापासून आवडलं, कारण ते झोपून करायचं होतं. अडचण एकच होती. रबराचा वास आणि काळपटपणा बोटांना लागायचा, आणि त्या बोटांनी पांढरं कापड हाताळायचं कसं? मग मास्तरांनी खुंटीवरची माप घ्यायची टेप काढली. वडिलांची टेप ती. जाड कापडाची, वापरून वापरून मऊ झालेली, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. तळपायाला अगदी बेतल्यासारखी बसली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तर कापायच्या टेबलावर आडवे होत, वडिलांचं स्मरण करत आणि टेप खेचत.

पहिल्या रविवारी त्यांनी त्याच टेपने घेर मोजला. साडेबेचाळीस. दुसऱ्या रविवारी बेचाळीस. अर्धा इंच म्हणजे काय चीज असते ते टेलरलाच कळतं. मास्तर त्या आनंदात शेजारच्या बेकरीत गेले आणि त्यांनी एक क्रीमचा बन खाल्ला. पुढे तसा नियमच पडला: अर्ध्या इंचाला एक बन. नंतर नंतर पाव इंचालाही.

आता कोणी विचारेल, माणसाला स्वतःच्या पँटवरून कळत नाही का? पण लोकांच्या कमरा शिवण्यात जन्म गेलेल्या मास्तरांनी स्वतःला पँट कधी शिवलीच नव्हती. ते बारा महिने नाडीचा पायजमा घालत. नाडीवर आकडे नसतात.

दर रविवारी ते जिना चढून वर जात. ताई खिडकीशी ग्लास घेऊन बसलेल्या असत, अर्धा संपलेला. मास्तर आकडा सांगत. ताई म्हणत, "बरं." मास्तरांना वाटे, बाईला आनंद लपवायची सवयच आहे.

या दुकानाची एक पद्धत होती, वडिलांनी घालून दिलेली. माप भावाने घ्यायचं आणि वहीत लिहायचं. बहिणीने वहीत बघून टेबलावरच्या लोखंडी पट्टीने आखायचं आणि कापायचं. कपडा शिवून तयार झाला की भावाने तो पुन्हा त्याच लोखंडी पट्टीवर ठेवून वहीशी ताडून बघायचा, आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून ही व्यवस्था. आजवर पकडण्यासारखी चूक झालीच नव्हती, त्यामुळे व्यवस्थेवर दोघांचाही गाढ विश्वास बसला होता.

पाचव्या आठवड्यात बँकेतला कॅशियर नवा शर्ट घालून दुकानात आला. शर्टाची बटणं लागली होती, पण कॅशियरला श्वास घेता येत नव्हता.

मास्तरांनी शर्ट उतरवून घेतला, पट्टीवर ठेवला, वही उघडली. वहीतलं माप आणि शर्ट तंतोतंत जुळत होते. मास्तरांनी चष्मा काढला. पंधरा दिवसांपूर्वी माप घेतलं तेव्हा तुम्ही हे एवढे होता, शर्ट एवढाच आहे, आता तुम्ही तेवढे नाही आहात, असं त्यांनी हळुवारपणे समजावलं. डॉक्टर वाईट बातमी देताना जो आवाज लावतात तो गेल्या दीड वर्षात त्यांना पाठ झाला होता.

"पंधरा दिवसांत दोन इंच?" कॅशियर पांढरा पडला.

"बसून काम करता ना," मास्तर म्हणाले.

"पण बाह्यासुद्धा आखूड झाल्यात."

मास्तरांनी चष्मा परत लावला, बाही निरखली. मग त्यांना उत्तर सुचलं. पाठ रुंदावली की ती बाही वर ओढून घेते, हाताचा त्यात काही दोष नाही. कॅशियरला ते पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. स्वतःच्या घटत्या घेराची हकीकत सांगून मास्तरांनी त्याला धीर दिला आणि समोरच्या व्यायामशाळेत पाठवून दिलं.

मग शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांचा नवा कोट समारंभात, ऐन भाषणाच्या मध्यावर सुटला होता. मधलं बटण उडून पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या कपाळावर आपटलं होतं. बाईंनी ते बटण मुठीतून टेबलावर ठेवलं.

"बाई, बटण तुटलेलं नाही," मास्तरांनी ते उजेडात धरून पाहिलं. "त्याने राजीनामा दिलाय."

कोट पट्टीवर गेला, वही उघडली, दोन्ही जुळलं. बाई खुर्चीवर बसल्या. आपली आईही अशीच एकाएकी सुटली आणि मग तिला गुडघ्यांनी धरलं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांनाही भरून आलं. रोज पाऊण तास चाला, गोड सोडा, असं त्यांनी सांगितलं. स्वतः जे तीन दिवसांत सोडलं ते दुसऱ्याला सांगायला काहीच अवघड नसतं.

नंतर मात्र रांगच लागली. औषधांच्या दुकानातला माणूस आला, टपाल कचेरीतले दोघं आले, केशकर्तनालयवाला आला. सगळ्यांचेच कपडे घट्ट, सगळ्यांचीच मापं वहीबरहुकूम. हवेत काहीतरी आहे अशी बातमी पसरली. पाण्यात आहे, असं काही जण म्हणू लागले. तलावाभोवती पहाटे माणसं दिसायला लागली, आधी चार, मग पंधरा, मग चाळीस. कोणी कोणाशी बोलत नसे. प्रेतयात्रेला निघाल्यासारखे खाली मान घालून सगळे भराभर चालत. मान नसलेल्या मालकाने व्यायामशाळेची वेळ दोन तासांनी वाढवली. बेकरीवाला मात्र दिवसभर माशा मारत बसू लागला. त्याने स्वतःही एक शर्ट शिवायला टाकला होता, तो घट्ट झाला, आणि त्याने आपलाच माल खायचं सोडलं. आता त्याचं एकच नेमाने येणारं गिऱ्हाईक उरलं होतं. ते दर रविवारी बन खायला येई, आणि व्यायामाचे फायदे सांगून जाई.

ताई या सगळ्यात काही बोलल्या नाहीत. त्या कापत होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी जात होत्या. येताना पायरीपायरीवर थांबत जिना चढत होत्या, आणि मास्तर खालून मोजत, आज किती पायऱ्यांवर थांबली.

चार महिने संपले. त्या सकाळी टेपवर आकडा आला पावणेएकोणचाळीस. मास्तरांनी वहीत मोकळ्या सोडलेल्या जागी तारीख घातली, आणि बहिणीला घेऊन हॉस्पिटलात गेले. टेप खिशात होतीच.

वजनाचा काटा चाकाच्या खुर्चीसकट माणूस मावावा एवढा रुंद होता, जमिनीलगत बसवलेला. आकडा समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत उमटे. मास्तर ऐटीत चढले. त्र्याण्णव पूर्णांक सहा.

"किलोंचं सोडा," मास्तर म्हणाले. "घेर मोजा."

डॉक्टरांनी आपल्या टेपने घेर मोजला. साडेत्रेचाळीस. मास्तर हसले. तुमची टेप चुकीची आहे, आमचा हा पिढीजात धंदा आहे, असं सांगून त्यांनी स्वतःची टेप काढली, सदरा वर केला आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आकडा दाखवला. पावणेएकोणचाळीस.

डॉक्टरांनी ती टेप हातात घेतली. भिंतीवर उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. टेपचं एक टोक त्यांनी खाली शून्यावर धरलं आणि टेप वर सरळ केली. टेपवर जिथे पन्नास लिहिलं होतं, तिथे भिंतीवर छप्पन होतं.

"हिचं काय करता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. शंभर वेळा रोज, चार महिने. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांसमोरून कॅशियर गेला, मुख्याध्यापिका गेल्या, तलावाभोवतीचे ते चाळीस जण खाली मान घालून गेले. डॉक्टरांनी टेपची गुंडाळी करून परत दिली, आणि म्हणाले, "आणखी तीन महिने देतो. त्यापुढे मी सांगू शकत नाही. यांच्या हाताची शीर आता सुई नीट घेत नाही."

परतीच्या वाटेवर ताईंनी मास्तरांचा दंड धरला होता. आधार कोण कोणाला देत होतं ते सांगणं कठीण.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर घरोघर गेले. दार उघडलं की एका दमात सांगायचं: तुम्ही जाड झाला नव्हता, माझी टेप लांबली होती, कपडे द्या, सैल करून देतो. चालून आलेला कॅशियर बूट काढता काढता थांबला.

"म्हणजे मी होतो तेवढाच होतो?"

"हो."

"आणि तीन महिने मी पहाटे साडेपाचला उठतोय."

"हो."

कॅशियरचं वजन सात किलोंनी उतरलं होतं. मुख्याध्यापिकांची रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली होती. तरी दोघांनीही माफ केलं असं काही म्हटलं नाही. जाड नव्हतो हे कळल्याचा आनंद कोणालाच झाला नाही, कारण एवढे दिवस सोडलेले बन आता परत मिळणार नव्हते. सगळ्यांनी निमूटपणे कपडे आणून दिले. बेकरीवाल्याने आपला शर्ट काउंटरवर ठेवला आणि मास्तरांकडे पाठ केली.

असे एक्केचाळीस कपडे टेबलावर जमा झाले. कपडा सैल करायचा म्हणजे शिवण उसवून आतलं जास्तीचं कापड बाहेर घ्यायचं. टेलर त्याला माया म्हणतात. पण मास्तरांच्या दुकानात माया जेमतेम अर्धा इंच सोडत. तेवढ्यात काय होणार? निम्म्याहून अधिक कपडे वाया गेले असं धरूनच ते बसले. पहिले पाच-सहा कपडे तसेच निघाले. मग त्यांनी मुख्याध्यापिकांचा कोट घेतला आणि कुशीची शिवण उसवली.

आत दीड इंच कापड होतं. नीट दुमडलेलं, इस्त्री करून बसवलेलं, बाहेरून संशयही येऊ नये असं.

त्यांनी दुसरी बाजू उसवली. तिथेही दीड. बाहीची घडी उलगडली, तिथे दोन. औषधवाल्याचा शर्ट घेतला, टपाल कचेरीतल्या दोघांचे घेतले, बेकरीवाल्याचा घेतला. सगळीकडे तेच. वरून कपडा वहीबरहुकूम, म्हणजे पट्टीवर ठेवून ताडला तरी चूक सापडणार नाही. आणि आतून खरं माप, इंच न् इंच, लपवून ठेवलेलं.

मास्तरांनी मान वर केली. ताई समोर एक अस्तर कापत होत्या.

"ताई, तुला माहीत होतं."

कात्री कापडाच्या मधोमध थांबली.

"कॅशियरचा शर्ट परत आला ना, त्या दिवशी कळलं," ताई म्हणाल्या. "तू आंघोळीला गेलास तेव्हा टेप पट्टीवर ठेवून पाहिली."

"आणि एवढे दिवस बोलली नाहीस? लोकांसमोर माझं हसं होऊ दिलंस, ते एक जाऊ दे. अगं, चार महिने गेले. तुझे गेले."

"जाऊ देत. तुझं पोट फाडून मला जगायचं नाहीये. उद्या तुझी उरलेली एक बिघडली तर तुला कोण देणार आहे? कोण आहे तुला?"

"आणि तू गेलीस तर कोण आहे मला?"

मास्तर एवढ्या मोठ्याने बोलले की कारागिराने मशीन थांबवलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मास्तरांचं वाक्य पूर्ण ऐकलं, आणि आता मशीन पुन्हा सुरू करावं की नाही हे त्याला कळेना.

"हा विचार केलास तू?" मास्तरांचा आवाज आता खाली आला होता.

"केला ना," ताई म्हणाल्या. "म्हणून तर आत कापड सोडलं. माझ्यामागे तुला हे सगळे कपडे सैल करून द्यावे लागले असते. नवं कुठून कापणार होतास? तुला कापता येतं का?"

मास्तरांना कापता येत नव्हतं, हे खरं होतं. त्यांनी कोट तोंडावर धरला आणि ते त्या कोटात रडले. मुख्याध्यापिकांना देण्याआधी तो कोट धुवावा लागला.

त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल मास्तर आजही फारसं बोलत नाहीत. रोज पहाटे ते तलावावर जात. ज्या चाळीस जणांना त्यांनी घरातून बाहेर काढलं होतं, ते सगळे त्यांच्या पुढे असत. मास्तर सगळ्यात शेवटी, धापा टाकत. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापिका त्यांना एकाच फेरीत दोनदा ओलांडून गेल्या, आणि दुसऱ्या वेळी त्यांनी "बसून काम करता ना" एवढंच म्हटलं. कॅशियर मात्र पुढे जाऊन थांबे, बुटाची नाडी बांधल्यासारखं करी, मास्तर आले की पुन्हा चालू लागे. त्या माणसाचे बूट विनानाडीचे होते हे मास्तरांच्या महिन्याभराने लक्षात आलं.

सैल केलेले कपडे आता लोकांना ढगळ होऊ लागले होते. ते घट्ट करून घ्यायला लोक परत येत. मास्तर बोलत नसत, करून देत.

दर शनिवारी ते व्यायामशाळेतल्या काट्यावर चढत. नव्वद. मग अठ्ठ्याऐंशी, आणि तिथे दोन आठवडे काटा हलेचना. त्याला कारण ताई होत्या. आजवर उकडलेलं आणि अळणी करणाऱ्या ताईंना अचानक तळणीची हौस आली. त्या लोण्यात परतू लागल्या. स्वतःला यातलं काहीच चालत नसताना मास्तरांच्या ताटात वाढून, "उगीच वाया जाईल," म्हणत समोर बसू लागल्या. पहाटे बूट सापडेनासे झाले. एकदा ते धान्याच्या डब्यात निघाले. मास्तर डबा उघडत, बूट झटकत आणि जात. भांडण म्हणावं असं भांडण झालं नाही. एक जण दुसरीला वाचवायला धडपडत होता, आणि दुसरी पहिल्याला. दोघंही जेवताना हवापाण्याच्या गप्पा मारत.

तिसऱ्या महिन्यात ताई दोनदा हॉस्पिटलात राहून आल्या. शिरेने एकदा सुई घेतलीच नाही, तेव्हा मानेजवळून नळी घालावी लागली. मास्तर त्या दिवशी तलावाभोवती तीन फेऱ्या जास्त चालले, आणि शेवटच्या फेरीला चालता चालता रडत होते. घामामुळे कोणाला ते कळलं नाही.

ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी व्यायामशाळेतला काटा म्हणाला, साडेएकोणऐंशी. मान नसलेल्या मालकाने मास्तरांना उचलून एक गिरकी घेतली. मास्तर घाबरले, कारण आजवर त्यांना कोणी उचलू शकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तोच रुंद काटा, तीच भिंत. डॉक्टर वही घेऊन समोर उभे होते. मास्तरांनी चप्पल काढली, चष्मा काढला, खिशातली सुटी बटणं काढून ताईंच्या हातात दिली. ताई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मास्तर काट्यावर चढले आणि डोळे मिटून घेतले.

"त्र्याऐंशी पूर्णांक दोन," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले. भिंतीवर तोच आकडा होता. चष्मा नसला तरी एवढा मोठा आकडा दिसत होता. काल साडेएकोणऐंशी होतं, असं ते म्हणाले. तीन महिने गेले होते, आणि आता आणखी तीन मागायला तोंड नव्हतं. मागितले असते तरी ते ताईंजवळ नव्हते.

डॉक्टरांनी पेन टेकवलं. मग त्यांचं लक्ष आकड्याकडे गेलं. तो स्थिर राहत नव्हता. त्र्याऐंशी, साडेब्याऐंशी, पुन्हा त्र्याऐंशी. डॉक्टरांनी आकड्यावरून नजर खाली आणली, मास्तरांच्या पायांवर, आणि तिथून थोडी मागे.

गेली दोन वर्षं ताई आठवड्यातून दोनदा, मशीनला जोडण्याआधी आणि जोडून झाल्यावर, याच काट्यावर उभ्या राहत होत्या. कुठे किती भार दिला की किती वाढतं, हे त्या हॉस्पिटलात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुमचा उजवा पाय काट्यावरून काढा."

"जागा फार अरुंद आहे इथे," ताई म्हणाल्या. त्या खोलीत दोन खाटा आरामात बसल्या असत्या.

"काढा."

ताईंनी पाय काढला. एकोणऐंशी पूर्णांक चार. डॉक्टरांनी आकडा लिहिला, खाली ऑपरेशनची तारीख लिहिली. लिहून पूर्ण होईपर्यंत मास्तर काट्यावरून उतरले नाहीत, आणि मागे हात नेऊन त्यांनी ताईंचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.